अँटिबायोटिकनंतर घरचं दही-ताक पुरतं का? आंबवलेले पदार्थ आणि चांगले जिवाणू

रानजाई

नमस्कार मंडळी. माझ्या मुलाला (वय १४) श्रावणात टायफॉइड झाला. रक्ताचं कल्चर करून निदान झालं आणि डॉक्टरांनी चौदा दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. ताप पाचव्या दिवशी उतरला, पण आठवड्याभरात पोट बिघडलं. दिवसातून पाच-सहा वेळा जायला लागलं पोरगं. डॉक्टरांनी मग प्रोबायोटिकची कॅप्सूल लिहून दिली.

आमच्या सासूबाई अकोल्याजवळच्या खेड्यात वाढलेल्या. त्यांनी कॅप्सूलची पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, "चांगले जंतू." त्या म्हणाल्या, "ते तर माझ्या गाडग्यात आहेत. त्यासाठी दुकानात कशाला जायचं?" आणि त्याच संध्याकाळी त्यांनी आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात भिजवलं.

मला दोघांपैकी कुणालाच खोटं पाडायचं नाही. खरंच समजून घ्यायचंय. कॅप्सूलमधले जिवाणू आणि घरच्या दह्यातले जिवाणू एकच का? आंबील, इडली, ताक यांनी अँटिबायोटिकनंतरचं पोट खरंच सुधारतं का? कुणी अनुभव किंवा अभ्यास सांगेल तर बरं होईल.

ताकभात

सासूबाईंना आधी नमस्कार सांगा. ते गाडगं जपा!

अक्कण

आमच्याकडे काविळीनंतर, तापानंतर, बाळंतपणानंतर, सगळ्यावर ताकच असायचं. आजीला प्रयोगशाळा लागली नाही. आता परदेशातून तेच ज्ञान कॅप्सूलमध्ये भरून परत येतंय आणि आपण पैसे मोजतोय. माझं स्पष्ट मत : दही खा, कॅप्सूल सोडा.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

ताई, तुमच्या सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. ताज्या घरच्या दह्याच्या एका चमच्यात कोट्यवधी जिवंत जिवाणू असतात. लॅक्टोकॉकस लॅक्टिस, ल्युकोनोस्टॉक, लॅक्टोबॅसिलसच्या कितीतरी जाती. ते दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, आम्लता वाढली की केसिन हे प्रथिन गोठतं आणि दही लागतं.

पण 'प्रोबायोटिक' या शब्दाला अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये व्याख्या केली, तिचा मथितार्थ असा : पुरेशा संख्येने घेतल्यावर शरीराला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव. म्हणजे जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि फायदा दाखवून दिलेला हवा. तिसऱ्या अटीपाशी बहुतेकांची गाडी अडते.

आणि हा फायदा वाणागणिक बदलतो. हापूस आणि रायवळ दोन्ही आंबेच, पण देवगडचा हापूस मागितल्यावर कुणी रायवळ दिला तर आपण घेऊ का? जिवाणूंचंही तसंच. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस ही एक प्रजाती, तिच्यातला 'जीजी' हा एक वाण. अतिसारावर ज्या चाचण्या झाल्या त्या त्या वाणावर झाल्या. तुमच्या गाडग्यात तो असेल किंवा नसेल. गाडग्यातली वस्ती घराघरात निराळी आणि ऋतूप्रमाणे बदलणारी.

सडेतोड

मी औषधविक्रीच्या धंद्यात बारा वर्षं काढली आहेत. अँटिबायोटिक लिहिलं की खाली प्रोबायोटिक लिहायचं ही आता रीत झाली आहे. कित्येक पट्ट्यांवर वाणाचं नावच नसतं, नुसतं प्रजातीचं नाव आणि पुढे मोठा आकडा. कुठल्या आजारासाठी तपासलं ते कुणी विचारत नाही. मला हे सगळं थोतांड वाटतं.

सूक्ष्मदर्शी

@सडेतोड, लेबलाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्ये प्रोबायोटिक अन्नासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. वाण ओळखलेला असावा आणि लेबलावर लिहिलेला असावा हे त्यात आहे. पाळलं जात नसेल तर ओरड व्हायलाच हवी.

पण थोतांड म्हणू नका. ओडिशातला प्रयोग सांगतो, मग ठरवा. खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांवर हा अभ्यास झाला. निम्म्यांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, फक्त सात दिवस, लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरमचा एक ठरावीक वाण आणि त्या जिवाणूचं खाद्य असलेली एक साखर दिली. निम्म्यांना नुसती भुकटी. दोन महिने लक्ष ठेवलं. नुसती भुकटी मिळालेल्यांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्के होतं, जिवाणू मिळालेल्यांत ५.४ टक्के. म्हणजे ४० टक्के घट. २०१७ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात हे छापून आलं. पिनाकी पाणिग्रही हे त्या गटाचे प्रमुख. वाण निवडायलाच त्यांना कित्येक वर्षं लागली, कारण बाळाच्या आतड्यात टिकून राहील असा जिवाणू हवा होता.

आपल्या देशात, आपल्या खेड्यांत झालेलं काम आहे हे. मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी अंगावर काटा येतो.

सडेतोड

हे माहीत नव्हतं. 'सगळं' हा शब्द मागे घेतो.

चांदणचुरा

दुसरी बाजूही बघू या. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये २१ निरोगी लोकांना अँटिबायोटिक दिलं आणि नंतर तीन गट केले. एकाला काहीच दिलं नाही, एकाला अकरा वाणांचं प्रोबायोटिक, आणि एकाला त्यांचीच आधी साठवून ठेवलेली विष्ठा (हो, तीच) शुद्ध करून परत आतड्यात सोडली. तिसऱ्या गटाची जिवाणूंची वस्ती काही दिवसांत पूर्ववत झाली. काहीच न दिलेल्यांची त्यानंतर. आणि प्रोबायोटिक घेतलेल्यांची सगळ्यांत उशिरा, महिनोन्महिने लागले. बाहेरून आणलेले जिवाणू जागा अडवून बसले आणि मूळचे परतेनात.

ताकभात

मी हा धागा जेवताना वाचत होतो. पुढच्या वेळी वर 'जेवण झाल्यावर वाचा' अशी पाटी लावा.

बालवैद्य

चांदणचुरा यांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण त्यावरून कॅप्सूल वाईट असं ठरत नाही. प्रश्न दोन वेगळे आहेत. आतड्यातली जुनी वस्ती किती लवकर परत येते हा एक. रुग्णाला जुलाब होतात की नाही हा दुसरा. दुसऱ्याबद्दल २०१२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घेणाऱ्यांत जुलाबाचा धोका ४२ टक्के कमी दिसला. म्हणजे जुलाब थांबवायला मदत होते, वस्ती परत आणायला बहुधा नाही. दोन्ही एका वेळी खरं असू शकतं.

रानजाईताई, तुमच्या मुलासाठी थोडं :

टायफॉइडचा कोर्स अर्धवट सोडू नका. ताप उतरला म्हणजे जंतू गेले असं नाही. हे सगळ्यांत महत्त्वाचं.

पाणी, ओआरएस, पेज, ताक हे थोडं थोडं चालू ठेवा. शौचात रक्त दिसलं, पोट फुगलं, खूप दुखायला लागलं किंवा ताप परत चढला तर कॅप्सूल-ताक करत न बसता लगेच डॉक्टरांकडे. टायफॉइडमध्ये आतड्याला इजा होते, तिथे उशीर चालत नाही.

प्रोबायोटिकची कॅप्सूल जिवाणूंची असेल तर अँटिबायोटिकपासून निदान दोन तासांनी द्या, नाहीतर तेच औषध त्यांनाही मारेल. त्यावर 'सॅकॅरोमायसिस बुलार्डी' लिहिलं असेल तर ते यीस्ट आहे, अँटिबायोटिकने मरत नाही.

आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर त्या गोळीबरोबर दूध-दही नको. त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, औषध अंगी लागत नाही.

रानजाई

मनापासून आभार. यातलं दोन तासांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, मी दोन्ही गोळ्या एकाच घोटात देत होते.

वाफाळलेली_इडली

माझा भाबडा प्रश्न. इडली वाफवली, ढोकळा वाफवला, आंबील उकळली. मग जिवाणू जिवंत कुठे राहिले? आंबवून उपयोग काय?

सूक्ष्मदर्शी

भाबडा नाही, नेमका प्रश्न आहे. वाफवल्यावर जिवाणू मेले. इडलीतून जिवंत जिवाणू मिळत नाहीत, म्हणून ती प्रोबायोटिक नाही. पण मरण्याआधी ते काम करून गेलेले असतात. धान्यात फायटेट असतं, ते लोह आणि जस्त अडकवून ठेवतं. आंबवल्यावर ते कमी होतं. पीठ पचायला हलकं होतं. खायच्या सोड्याने फुगवलेल्या झटपट इडलीत यातलं काही घडत नाही.

इडली का फुगते यावर १९६५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी निबंध लिहिला. तोवर अनेकांना वाटायचं की पावासारखं यीस्ट फुगवत असेल. त्यांनी दाखवलं की ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू वायू तयार करतो आणि उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. जिवाणू येतो कुठून? डाळीबरोबरच. म्हणून उडीद धुताना शेवटचं भिजवण्याचं पाणी टाकून न देता वाटायला वापरणाऱ्या बायका काही चुकत नव्हत्या.

कोरडवाहू

कुरडयांच्या चिकाचं कुणी बोलत नाही! आमच्याकडे चैत्रात गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात. तिसऱ्या दिवशी भांड्यावरचं झाकण काढलं की जो आंबूस वास येतो तो आला तरच आई म्हणायची, "झाला गहू." नसेल आला तर अजून एक दिवस. मग वाटून, गाळून, चीक निवळत ठेवायचा. वरचं पाणी ओतताना आम्ही पोरं भोवती बसून गरम चिकाची वाट बघत असायचो, तूप-साखर घालून. आईकडे घड्याळ होतं पण ती नाकावर चालायची.

अनारसेवाली

अनारशांचंही तसंच की. तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून. कमी भिजवले तर जाळी पडत नाही. आता कळलं, आम्ही दर दिवाळीला जिवाणू पाळत होतो.

मांडवीतीर

आमच्या गोव्यात सान्ना, म्हणजे आमच्याकडच्या इडल्या, सुरेवर (माडीवर) फुगवतात. माडाची ताजी सूर सकाळी रेंदेर उतरवून आणतो, तिच्यात यीस्ट आणि जिवाणू दोन्ही असतात. दुपारपर्यंत ती फेसाळते. तांदूळ-नारळाच्या पिठात ती घातली की सान्नाला जी जाळी आणि गोडसर आंबटपणा येतो तो विकतच्या यीस्टने येत नाही. सूर पुढे आंबत गेली की माडाचं विनेगर. सुंगटांचं बाळचांव (कोळंबीचं लोणचं) त्यातच टिकतं. त्यातलं ॲसिटिक आम्ल जंतूंना वाढू देत नाही, मिरची-लसूण वरून.

माझ्या लहानपणी वाड्यावर तीन रेंदेर होते. आता एकही नाही. माडावर चढायला कुणी तयार नाही आणि रेंदेरांची मुलं बोटीवर नोकरीला गेली, त्यात त्यांचं काय चुकलं? पण सूर गेली की सान्ना जातात, आणि त्या सुरेतली जिवाणू-यीस्टची वस्तीही जाते. ती कुणी मोजून ठेवली आहे का, मला ठाऊक नाही. वाईट वाटतं.

भीमाकाठ

मांडवीतीर, पोटात कालवलं वाचून.

मी सहकारी दूध संघात चाळीस वर्षं होतो, निवृत्त झालो. (नाव सांगत नाही.) दह्याबद्दल माझी एक गोष्ट.

एका उन्हाळ्यात आमचं दही लागेना. दूध तेच, तापमान तेच, विरजण तेच. विरजण टाकून चार तास झाले तरी आम्लता जागची हलेना. हंड्यात हात घालून पाहिलं तर दूधच. सलग तीन दिवस हजारो लिटर दूध गटारात गेलं. मी रडलो होतो तेव्हा. कुणाच्या तरी गोठ्यातून पहाटे चार वाजता निघालेलं दूध ते.

आधी वाटलं दुधात अँटिबायोटिकचा अंश आहे. गाईला कासदाहाची ट्यूब भरली आणि ठरलेले दिवस न थांबता दूध घातलं तर असं होतं, विरजण मरतं. तपासलं, तसं काही निघालं नाही. शेवटी एका अनुभवी साहेबांनी सांगितलं, "फाज आहे." जिवाणूंना खाणारा विषाणू. एकदा तो कारखान्यात शिरला की त्या एकाच विरजणाच्या जिवावर उठतो. उपाय काय तर सगळं धुऊन काढायचं आणि विरजणाचे वाण आलटून पालटून वापरायचे. तसं केलं आणि चौथ्या दिवशी दही लागलं.

सूक्ष्मदर्शी

भीमाकाठ काका, तुमच्या त्या फाजमधून किती मोठी गोष्ट निघाली बघा. दही-चीज उद्योगाला हाच त्रास जगभर होता. २००७ मध्ये विरजण बनवणाऱ्या एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या दह्यातल्याच जिवाणूवर काम केलं. फाजच्या हल्ल्यातून जे मूठभर जिवाणू वाचतात ते शत्रूच्या जनुकाचा एक तुकडा कापून आपल्या गुणसूत्रात जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याला ओळखून कापतात, हे त्यांनी दाखवून दिलं. हीच क्रिस्पर. त्याच यंत्रणेचं जनुक कापण्याचं हत्यार बनवल्याबद्दल शार्पेंटिए आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं.

भीमाकाठ

हे मी आज पहिल्यांदा ऐकतोय. नातवाला वाचून दाखवलं.

हिमगौरी

मी कॅनडात एडमंटनला असते. माझी अडचण अशी की आईकडून आणलेलं विरजण सहा वर्षं टिकवलं होतं आणि भारतात गेलो तेवढ्या दीड महिन्यात ते संपलं. दुकानातल्या योगर्टने लावलं तर आंबट चिकट होतं, आईच्या दह्याची चव नाही. काही उपाय?

अक्कण

मिरचीचे देठ! कोमट दुधात आठ-दहा हिरव्या मिरच्या देठासकट बुडवून ठेवायच्या.

सूक्ष्मदर्शी

चालतं, कारण देठांवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात. पण पहिल्यांदा लागलेलं खाऊ नका, देठांवर इतरही बरंच काही असतं. पहिलं बहुधा तारेचं, बुळबुळीत लागेल. त्यातला फक्त एक चमचा उकळून कोमट केलेल्या नव्या दुधात. दुसऱ्यातला एक चमचा तिसऱ्यात. दर खेपेला आम्ल सोसणारे, लवकर वाढणारे पुढे जातात, बाकीचे मागे पडतात. घाण वास किंवा रंग दिसला तर सगळं फेकून नव्याने सुरुवात.

लसूणपाक

नैसर्गिक अँटिबायोटिकबद्दल कुणी बोललंच नाही. लसूण, हळद, मध. टायफॉइडला कच्ची लसूण रोज तीन पाकळ्या दिल्या तर गोळ्या लागणारच नाहीत असं मी वाचलंय.

बालवैद्य

कृपा करून हे करू नका. टायफॉइडने माणसं मरतात. मी निवासी डॉक्टर असताना आतड्याला भोक पडलेली मुलं पाहिली आहेत, त्यातलं एक घरी पंधरा दिवस काढा पिऊन आलं होतं.

मधाचंही लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे जन्मल्या बाळाला मध चाटवायची प्रथा आहे. मधात साखर इतकी आणि पाणी इतकं कमी की त्यात जंतू वाढत नाहीत, म्हणून जखमेवर तो जुना इलाज आहे, खरं आहे. पण बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू त्यात मरत नाहीत, नुसते झोपून राहतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती अजून बसलेली नसते, तिथे ते उगवतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं. एक वर्षाच्या आत मध नको. बोटभरही नको. आत्याने सोन्याची अंगठी बुडवून आणली तरी नको.

सूक्ष्मदर्शी

लसणात दम नाही असं नाही. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन नसतं. ठेचली की पेशी फुटतात, दोन पदार्थ एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. १९४४ मध्ये ते वेगळं काढलं गेलं. काचेच्या थाळीत ते भल्या-भल्या जंतूंना मारतं. पण थाळीत मारणं आणि रक्तात मारणं यात मोठं अंतर आहे. पोटात गेल्यावर ते झपाट्याने मोडतं, रक्तात औषधाइतकं पोचत नाही. हळदीच्या कुरकुमिनची अडचणही हीच.

अक्कण

मग हळदीचं पेटंट आपण का लढवलं? काही नसतं तर अमेरिकेने पेटंट का घेतलं असतं?

चांदणचुरा

अक्कणताई, ती लढाई सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख रघुनाथ माशेलकर यांची. गोव्याच्या माशेलचे, मुंबईत गरिबीत शिकलेले. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. पुरावा म्हणून संस्कृत ग्रंथांबरोबर १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंधही जोडला. मुद्दा एवढाच होता की हे ज्ञान नवीन नाही, कुणाच्या मालकीचं होऊ शकत नाही. हळदीने टायफॉइड बरा होतो असं त्या निकालात कुठेच नाही. या ज्ञानाचा अभिमान आणि त्याची मर्यादा, दोन्ही आपण सांभाळलं पाहिजे.

अक्कण

हे पटलं. मी भावनेच्या भरात बोलले होते.

हिमगौरी

लसणावरून एक. इथे लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नका असं वारंवार सांगतात. १९८५ मध्ये व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये तशा लसणाने बोट्युलिझमची साथ आली होती. तेलाखाली हवा पोचत नाही, आम्लही नसतं, तो जंतू तिथेच वाढतो. आपल्या लोणच्यात मीठ आणि आंबटपणा दोन्ही भरपूर म्हणून ते टिकतं. नुसती लसूण-तेलाची बरणी म्हणजे लोणचं नव्हे.

वाफाळलेली_इडली

मग दह्यातले जिवाणू स्वतः जंतू मारतात का? की नुसता आंबटपणा?

सूक्ष्मदर्शी

दोन्ही. आम्लता हे पहिलं शस्त्र. पण काही जिवाणू छोटी प्रथिनं सोडतात, त्यांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. आपल्या दह्यातल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे काही वाण निसिन तयार करतात. १९२८ मध्ये पहिल्यांदा त्याचा परिणाम दिसला, त्याच वर्षी फ्लेमिंगने पेनिसिलिन पाहिलं. आज प्रोसेस्ड चीजच्या डब्यावर 'ई २३४' वाचलंत तर ते निसिन. आपल्या पोटात ते साध्या प्रथिनासारखं पचून जातं.

आता रानजाईताईंच्या मूळ प्रश्नाकडे. निसिन लिस्टेरिया, क्लॉस्ट्रिडियम अशा जंतूंच्या पडद्याला भोकं पाडतं. टायफॉइडचा जंतू वेगळ्या गटातला, ग्रॅम-निगेटिव्ह. त्याच्या अंगावर आणखी एक बाहेरचं आवरण असतं, त्यातून निसिन आत शिरू शकत नाही. म्हणून दह्यात कितीही निसिन असलं तरी ताकाने टायफॉइड जात नाही. तिथे गोळीच लागते.

सडेतोड

आणि गोळी जपून वापरायला लागते हेही लिहू या. सर्दीला अँटिबायोटिक मागणारी माणसं मी काउंटरवर रोज पाहिली, आणि चिठ्ठीशिवाय देणारे आम्हीही होतो. मला त्याची लाज वाटते. कोलिस्टिन हे शेवटचं राखीव औषध कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खायला घालत होते. २०१९ मध्ये सरकारने जनावरांसाठी बंद केलं. तेही मुळात मातीतल्या जिवाणूनेच दिलेलं औषध.

शेवंती

कोल्हापुरात मार्गशीर्षात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा असते. घराघरातून आंबील, वडी-भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात नेतात. अख्खी पेठ एकमेकांच्या डब्यातली आंबील पिते. धागा वाचून त्याची फार आठवण आली.

रानजाई

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

मुलगा बरा आहे. कोर्स पूर्ण केला. कॅप्सूल दोन तासांच्या अंतराने दिली, चार दिवसांत पोट थांबलं. कशामुळे थांबलं ते मी सांगू शकत नाही, कारण आंबीलही रोज चालू होती.

'आंबील उकळली की जिवाणू मेले' हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या आणि मला चुलीपाशी बसवलं. पीठ रात्री ताकात भिजलेलं. सकाळी उकळत्या पाण्यात सोडलं, हटत हटत शिजवलं, लसूण-जिरं ठेचून घातलं. मग पातेलं उतरवून ठेवलं आणि त्या बसून राहिल्या. मी विचारलं, आता काय? म्हणाल्या, "बोट धरवेल तोवर थांब." मध्ये दोनदा बोट बुडवून पाहिलं. मग सकाळचं घुसळलेलं ताजं ताक वरून ओतलं, घोटलं आणि वाटीत वाढलं. कडत असताना ताक घातलं तर फुटतं, म्हणून थांबतात त्या. आमच्याकडे गौरींच्या नैवेद्याची आंबीलही त्या अशीच करतात, सोळा भाज्यांच्या शेजारी.

सूक्ष्मदर्शी सर, म्हणजे या आंबिलीत जिवंत जिवाणू असणार ना?

सूक्ष्मदर्शी

असणार, ताई, भरपूर. मी इडली-आंबील एका तागडीत तोललं ती माझी चूक. शिजवल्यावर ताक घालणारी पद्धत मी विचारात घेतली नव्हती. तुमच्या मुलाचे जुलाब तिने थांबवले असं मी म्हणणार नाही, तशी चाचणी कुणी केलेली माझ्या वाचनात नाही. पण स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२१ मध्ये ३६ निरोगी माणसांवर दहा आठवडे प्रयोग केला. निम्म्यांना दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर दिले. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातल्या दाह दाखवणाऱ्या १९ प्रथिनांचं प्रमाण उतरलं. नुसतं तंतुमय खाणाऱ्या गटात वैविध्य तसं वाढलं नाही. लहान अभ्यास आहे, पण आंबिलीवर असा अभ्यास विदर्भात व्हावा असं मला मनापासून वाटतं. सासूबाई परवानगी देत असतील तर त्यांच्या गाडग्यातलं चमचाभर ताक पुण्याला पाठवा. मी वर्गात पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवीन.

रानजाई

विचारलं. म्हणाल्या, "चमचाभर कशाला, लोटाभर पाठव. पण लोटा परत पाहिजे."

हिमगौरी

मिरचीच्या देठांचं कळवायचं राहिलं. पहिलं लागलंच नाही, दूध नासल्यासारखं झालं, टाकून दिलं. पुन्हा नव्या देठांनी सुरुवात केली. ते तारेचं लागलं, सर म्हणाले तसंच. त्यातला चमचा पुढे, त्यातला आणखी पुढे. काल रात्री ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवलं.

आत्ता इथे सकाळचे सहा वाजलेत, बाहेर उणे बावीस. पातेलं हळूच तिरकं केलं. हललं नाही. कडेला हिरवट पाणी सुटलंय आणि वर साय धरलीय. मी अजून चमचा घातलेला नाही, मुलं उठू देत.